चालतं इंजन थांबवलं त्या दुपारी

आमच्या घरी म्हशीच्या आधी इंजनाचं व्हायचं. माय चूल पेटवायला बसली की मी कानशिलामागे चिंधी खोचून, हातात तेलाचं बोंडलं घेऊन विहिरीकडे निघायची. मळा घराला लागूनच होता. एका बाजूला वांगी, मिरच्या, कोथिंबीर, पलीकडे गवार आणि भेंडी, बांधाला शेवग्याची रांग. या सगळ्याला पाणी पाजणारं ते इंजन विहिरीच्या काठावर दगडी ओट्यावर बसलेलं असे, वर टिनाचं छप्पर आणि तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड. ओट्यावर गेलं की पेट्रोलचा, ग्रीसचा आणि रात्रीच्या दवाने भिजलेल्या मातीचा मिळून एक वास यायचा. आज नातवाच्या फटफटीजवळून गेले की त्यातला अर्धा वास येतो आणि मी उगाच तिथे रेंगाळते. नातवाला वाटतं आजीला गाडीवर बसायचं आहे.

इंजन आमच्याकडे आलं ते एका मोठ्या जमीनदाराच्या घरून. त्याने ते दिवे लावायला आणलं होतं, पण ते दर वेळी पाहुणे जेवायला बसले की बंद पडे. शेवटी त्याने ते गोठ्यात टाकून दिलं. कोंबड्या त्याच्यावर बसायच्या. माझे बाबा संत्र्याची कलमं बांधण्यात वाकबगार. त्यांनी त्या जमीनदाराची सगळी बाग कलमं बांधून उभी करून दिली आणि बदल्यात हे धूड बैलगाडीत घालून घरी आणलं. सोबत पंप होता, लांब पट्टा होता. गावातले लोक गाडीमागे चालत आमच्या अंगणापर्यंत आले होते. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, त्यांचा मळा आमच्या मळ्याला लागून. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "लहान्या, बैलाले चारा टाकला का तो काम करते. याले काय टाकशीन?" बाबा नुसते हसले. मोठेबाबांची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती आणि मोटेवर त्यांनी हाक दिली की आसेगावच्या वाटेवरून जाणारा माणूससुद्धा क्षणभर थांबायचा, त्यांचा आवाजच तसा होता.

इंजन सुरू करून द्यायला अकोल्याहून करीम मिस्त्री आले. अंगानं वाळकुडे, पांढरी दाढी, बोटं मात्र लोखंडी. ते आमच्या ओसरीवर राहिले. मायने त्यांना भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला, तर ते डोळ्यातून पाणी गाळत पुन्हा पुन्हा ठेचा मागायचे. अंगणात गोणपाट अंथरून त्यांनी सगळं इंजन खोललं. प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने ओळीत मांडला. बाबा शेजारी बसून शिकायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना जवळचं दिसत नसे. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकाशी जी बारीक फट असते ती नखाच्या जाडीएवढीच राहिली पाहिजे, असं मिस्त्री सांगत होते आणि बाबा तो प्लग हातभर लांब धरून पाहत होते. मी मागे उभी राहून मिरच्या खुडत होते. मी म्हटलं, "बाबा, मले दाखवा." माझ्या मोठ्या दोघी बहिणी सासरी गेलेल्या, भाऊ अजून पाळण्यात. बाबांनी प्लग माझ्या हातात दिला, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो परत कधी घेतलाच नाही.

मिस्त्री मला म्हणाले, "बेटी, खोलने से डरना मत. पर जो चीज जहां से निकली, वहीं वापस जाना मंगता." मग त्यांनी रोजचं, आठवड्याचं आणि महिन्याचं असं सगळं काम माझ्याकडून करवून घेतलं. ग्रीसच्या वाट्यांची टोपणं रोज थोडी पिळायची, म्हणजे आतलं ग्रीस धुऱ्यावर उतरतं. ऑइलची काडी पुसून, बुडवून, पुन्हा काढून पाहायची. इंजन थंड ठेवणाऱ्या वरच्या हौदातलं पाणी उकळून कमी होतं, ते भरायचं, पण तापलेल्या इंजनात एकदम गार पाणी ओतायचं नाही. प्लग काढून काजळी खरवडायची. मिस्त्रींकडे त्यासाठी पितळी तारांचा ब्रश होता, माझ्याकडे बाभळीचा काटा होता, आणि काटा बरा चाले. कारबुरेटरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यातून पेट्रोल येतं. ते बुजलं तर तार घालायची नाही, कारण तारेनं भोक मोठं होतं. मी म्हशीच्या शेपटीचा केस वापरायची. मिस्त्रींना हे इतकं आवडलं की ते जाताना आमच्या म्हशीच्या शेपटीचे चार केस कागदात बांधून घेऊन गेले.

मायला सुरुवातीला हे पसंत नव्हतं. पोरीचे हात काळे होतात, उद्या पाहायला येणारे काय म्हणतील, असं ती म्हणायची. पण एकदा तिने पेट्रोलचा डबा पाहिला. तळाशी गंज आणि कचरा होता. तिचा चेहराच बदलला. घाण तिला कुठेच सहन होत नसे, मग ती दुधात असो की इंजनाच्या पोटात. "असं पाजतं तू त्याले? लाज नाई वाटत?" त्या दिवसापासून पेट्रोल गाळायचं काम मायने स्वतःकडे घेतलं. धुऊन कडक वाळवलेलं दुहेरी फडकं, ते फक्त त्याच कामाचं, आणि त्याला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. टाकीखाली काचेची एक वाटी होती, पेट्रोलमधला गाळ आणि पाणी तिच्यात उतरायचं. ती वाटी ती राखेनं घासून लख्ख करायची. इंजन गरम असताना ऑइल काढायचं म्हणजे सगळी घाण त्याच्यासोबत निघते, हे मी तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, त्यात सांगायचं काय, तुपाची कढईही गरम असतानाच पुसतात. काढलेलं काळं ऑइल गाडीच्या आसाला, आणि वाळवी लागू नये म्हणून कुडाच्या खांबांना लागायचं. वाया काही जात नसे.

त्यामुळे आमचं इंजन बंद पडत नसे. त्या वेळी मला ते विशेष वाटलं नव्हतं. सकाळी हँडल मारलं की चाकं फिरायची, टुक् टुक् टुक् असा आवाज मळाभर व्हायचा, आणि दांडातून पाणी वांग्यांच्या वाफ्यात शिरायचं. मोठेबाबा मात्र ते बंद पडायची वाट पाहत होते. वाईट बुद्धीनं नव्हे. त्या जमीनदाराकडे एका लग्नात तेही जेवायला गेले होते आणि अंधारात त्यांच्या पानावर कोणीतरी पाय दिला होता. "आज ना उद्या दगा देईन ते," असं ते म्हणायचे, आणि संध्याकाळी आमच्याकडचं भरीत आवडीनं खायचे.

मग तो वैशाख आला. गावच्या पिण्याच्या विहिरीत सकाळी बायकांना मेलेलं रानडुक्कर तरंगताना दिसलं. केव्हा पडलं होतं कोण जाणे, पण फुगून वर आलं होतं आणि पाण्याला वास सुटला होता. ते दोरांनी ओढून काढलं, पण पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. विहीर पूर्ण उपसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तिचे झरे तर गावाचा अभिमान, ऐन उन्हाळ्यातही न आटणारे. विहिरीला दोन बाजूंनी मोटा लागत. मोठेबाबांच्या जोडीसह गावातली सगळी चांगली बैलं आळीपाळीने जुंपली. दिवसभर मोटेची चाकं कुरकुरत होती, पाणी नाल्यात धो धो जात होतं. संध्याकाळपर्यंत पाणी बरंच खाली गेलं, पण तळ दिसेना, आणि बैलांच्या तोंडाला फेस आला. सकाळी जाऊन पाहावं तर विहीर पुन्हा भरलेली. बायका नाल्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. आमच्या शेजारच्या गिरजाबाईची नात जुलाबाने मलूल पडली, मग आणखी लेकरं पडू लागली. गिरजाबाई मायजवळ येऊन बसली आणि पदराने वारा घेत राहिली.

दुपारी पाटील आमच्या ओसरीवर आले. गावात त्यांचा शब्द चाले, आणि ते माणूस सरळ होते. बाबांना म्हणाले, "तुमचं इंजन लावून पाहू."

मोठेबाबा तिथेच बसले होते. "अर्ध्यात बंद पडलं तं काय करान? बैलं तं थकली, उद्या माणसं थकतीन. पुन्हा पानी जिथच्या तिथं."

 बाबा माझ्याकडे वळले. मी दारात उभी होते, हातात पिठाची परात. "सुभे, दिवसभर चालन का वं ते?"

मला आठवतं, मी आधी मनातल्या मनात सगळं तपासलं. ऑइल बदलून थोडेच दिवस झाले होते. पट्ट्याचा सांधा मी नुकताच आवळला होता. मग मी म्हटलं, "चालन. पन मी सांगीन तव्हा थांबवा लागन."

पाटलांनी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, पोरगी काहीतरी बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत इंजन बैलगाडीतून विहिरीवर पोचलं. पंप खाली पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर बसवला. इंजन मात्र वर, उघड्यावरच ठेवायचं, त्याचा धूर विहिरीत कोंडला तर माणूस जातो, असं करीम मिस्त्रींनी मला निक्षून सांगितलं होतं, आणि ते मी त्याच शब्दांत गावकऱ्यांना सांगितलं. लाकडी ओंडक्यांवर इंजन बसवून खुंट्या ठोकल्या. पट्टा चढवला. मायने माझं लुगडं मागून घट्ट खोचून दिलं, वेणीचा आंबाडा बांधला, कारण फिरत्या चाकाला पदर कळत नाही. सगळं गाव काठावर होतं. मी हँडल धरलं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून, कारण उलट झटका आला तर अंगठा मोडतो. हँडल फिरवलं आणि इंजनाने घरच्यासारखाच आवाज केला. काठावरून हसण्याचा एक लोट आला. पंपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, आणि मग मांडीएवढी धार नाल्यात पडू लागली.

सकाळ छान गेली. हौदातलं पाणी उकळून कमी झालं की मी विहिरीचंच पाणी गाळून थोडं थोडं घालायची. गाळायला माय उभीच होती. पेट्रोल आमच्याकडचं पुरणार नव्हतं, म्हणून पाटलांनी कुठूनतरी एक डबा मागवला होता, तोही तिने फडक्यातून गाळला, पण डबा पाहून तिचं तोंड वाकडं झालं. उन्हाने काठावरचे दगड तापले. पाणी खाली, आणखी खाली, मग गळ्याइतकं, मग छातीइतकं राहिलं. भिंतीतून झऱ्यांच्या धारा पडताना दिसू लागल्या. पोरं ओरडत होती, तळ आला, तळ आला. आणि नेमकी तेव्हाच भाकरीची वेळ झाली, म्हणजे रोज ज्या वेळी मी इंजन बंद करून त्याचं सगळं पाहायची ती वेळ.

मी पाटलांना म्हटलं, "आता थांबवते."

"थांबवतं? आता?" पाटील उठून उभे राहिले. "पानी छातीले आलं. थांबवलं का भरन ते. चालू असतानाच वत ना पेट्रोल."

"चालू इंजनात पेट्रोल नाई वतत. तापलं हाये. पेटलं तं इंजनबी जाईन अन् मानूसबी."

मागून कोणीतरी म्हणालं, पोरीच्या हाती कारभार दिला की असंच होणार. आणखी कोणी म्हणालं, आवाज तर चांगला आहे, कायले हात लावते. आवाज खरंच चांगला होता. मीही घाबरले होते. मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं, काही बिघडलेलं नव्हतं, माझ्याजवळ फक्त एवढंच होतं की रोज या वेळी थांबायचं असतं. चार ओळखीचे चेहरे रागाने पाहत असताना एवढ्यावर उभं राहणं सोपं नसतं. बाबा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला होता.

मी सरळ मोठेबाबांकडे गेले. ते बाभळीच्या सावलीत बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. मी म्हटलं, "मोठेबाबा, मी इंजन थांबवून राह्यली. ते पुन्हा सुरू होयेपर्यंत पानी वर येऊ देऊ नका. तुमच्या बैलांशिवाय हे होनार नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर ऑइलचे पट्टे असणार. "किती येळ?"

"सगळं पाहून होयेपर्यंत."

ते उठले. "बैलं कालपासून बसूनच हायेत," असं म्हणून त्यांनी जू उचललं. पाटलांकडे वळून ते एवढंच म्हणाले, "पोरगी सांगते तसं होऊ द्या." दुसरी जोडीही पलीकडच्या बाजूला जुंपली गेली. मी पेट्रोलचा कॉक बंद केला. चाकं हळूहळू थांबली, आणि त्या शांततेत मोठेबाबांची हाक उठली. तशी हाक मी आधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. बैल उतारावरून अक्षरशः धावले.

मी इंजन थोडं निवू दिलं. काठावर पुटपुट चालली होती, पण माझी पाठ तिकडे होती. ऑइल पाहिलं, थोडं घातलं. ग्रीसच्या वाट्या पिळल्या. मग काचेची वाटी सोडवली आणि मायला दाखवली. तळाला लालसर गंजाचा थर आणि त्यावर पाण्याचा थेंब डोलत होता. मागवलेल्या डब्यातला बारीक गंज फडक्यालाही चुकवून आला होता. मायने वाटी घेतली, पुसली, परत दिली. मग मी प्लग काढला. फटीत काजळीचा एक पापुद्रा आडवा होऊ घातला होता, केसाएवढी जागा उरली होती. तो आडवा झाला की ठिणगी पडत नाही. आणखी थोड्या वेळात इंजन आपणहून थांबलं असतं, बैल सोडलेले असताना, पाणी गुडघ्याला आलेलं असताना. मी प्लग हातात धरून पाटलांपुढे नेला. ते वाकले, डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग त्यांनी मागच्या माणसांना हाताने गप्प राहायची खूण केली. मी पदरातून बाभळीचा काटा काढला.

कारबुरेटर साफ केला, प्लग बसवला, टाकी भरली, सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं. हँडल फिरवलं तर इंजन नुसतं खोकलं.  मी पुन्हा हँडल धरलं, सगळा जोर खांद्यातून काढला, आणि चाकं फिरली. टुक् टुक् टुक्. मोठेबाबा बैलांना थोपवून मागे वळले आणि आत पाणी किती आहे ते पाहायला कोणीतरी खाली उतरलं. खालून आवाज आला, "बोटभरबी वाढलं नाई." बाबांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. ते रडत होते की घाम पुसत होते ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

ऊन कलायच्या आत तळ उघडा पडला. तरुण पोरं खाली उतरली आणि टोपल्यांनी गाळ वर येऊ लागला. पंप झऱ्यांचं पाणी उपसून बाहेर टाकत होता आणि गाळासोबत गावाच्या कितीतरी वर्षांच्या हरवलेल्या वस्तू वर येत होत्या. तांब्याचे गडू, कळशा, एक पितळी घंटा, पायातला चांदीचा तोडा, कोणाच्या तरी सासूने सुनेला जिच्यापायी वर्षभर बोल लावला होता ती बादली. ती सून आता स्वतः सासू झाली होती. बादली डोक्यावर घेऊन ती सगळ्यांना दाखवत फिरली. बायका एकेक भांडं ओळखत होत्या, भांडत होत्या, हसत होत्या. गिरजाबाईला तिच्या आईचा गडू सापडला. भिंती घासल्या, पाणी शुद्ध करायचं लाल औषध टाकलं, आणि मग मी इंजन बंद केलं. खडकातून येणाऱ्या झऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच वरपर्यंत ऐकू आला.

त्या संध्याकाळी विहिरीजवळच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले. वरण, वांग्याची भाजी, तुपात चुरलेले रोडगे. मला पुरुषांच्या पंगतीसोबतच वाढलं. मोठेबाबांनी स्वतः माझ्या पानावर तूप ओतलं, माझे हात काळेच होते, आणि मायने ते धुवायला लावले नाहीत. काही दिवसांत पाणी निवळलं. गिरजाबाईची नात पुन्हा अंगणात कोंबड्यांच्या मागे धावू लागली. आज ती नातवंडांची आजी आहे.

आता इथे प्रत्येक मळ्यात बटण दाबलं की मोटर चालते. बरंच झालं. हँडलने माझे दोन्ही खांदे दुखावले ते दुखावलेच. पण मला पुढचं सांगायचं आहे.

विहिरीची गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. काही दिवसांनी मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, बैलगाडी घेऊन आमच्या दारात आले. उंच माणूस, मोठं पागोटं, हातात काठी. त्यांच्या तांड्याची विहीर गाळाने भरली होती, पाऊस तोंडावर आला होता. बाबांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "इंजन घेऊन जा. मी येतो संगं."

नाईक म्हणाले, "तुमी आले तरी चालन, नाई आले तरी चालन. ज्या बाईनं इंजन थांबवलं ते बाई पाह्यजे."

मला कोणी बाई म्हटल्याची ती पहिली वेळ. आतून माय बाहेर आली. तिच्या हातात धुऊन वाळवलेलं ते दुहेरी फडकं घडी करून तयार होतं, आणि तिने ते माझ्या हातात दिलं. इंजन गाडीत चढवलं, दोर आवळले. मोठेबाबा न बोलावताच आपली बैलजोडी घेऊन आले आणि त्यांनी नाईकांचे थकलेले बैल सोडून आपले जुंपले. मी मागे बसायला निघाले, तर त्यांनी जुवाजवळची पुढची जागा थापटली.

"समोर बस," ते म्हणाले. "मांगून रस्ता दिसत नाई."